आवाज लपवायचा राहिला

बारावीचा पेपर सुरू झाला की पहिली दहा मिनिटं वर्गात जी शांतता पसरते, ती मला फार आवडते. पंचवीस पोरं-पोरी खाली मान घालून बसलेली, खिडकीबाहेर कडुलिंबाचा बारीक मोहोर उन्हात गळत असतो आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मंठ्याच्या या शाळेत मी वर्षानुवर्षं विज्ञान शिकवते, म्हणजे खरं तर ओरडते. परीक्षेच्या दिवसांत मात्र सरकारच मला गप्प बसवतं. ‘मॅडम, पुरवणी’ एवढे दोन शब्द सोडले तर तीन तास कानांना सुट्टी. यंदाही तसंच चाललं होतं. शेवटच्या बाकावरच्या पोरीला पुरवणी दिली, सही केली, आणि कुठल्याशा गाडीतून चाललेल्या कडब्याचा कोरडा, गोडसर वास खिडकीतून आत आला. त्या वासासरशी तीन वर्षांपूर्वीचा फाल्गुन समोर येऊन उभा राहिला.

त्या फाल्गुनात माझ्या डोक्यावर एक केस नव्हता. माझी एकुलती एक लेक रेणू तिकडे कोकणात एमएस्सीच्या शेवटच्या परीक्षेला बसत होती. आणि तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत तिला माझ्या आजारातलं अक्षरही कळू द्यायचं नाही, असा मी निश्चय केला होता. आज हे हसत सांगता येतंय, म्हणूनच सांगायला बसले आहे.

रेणूचं समुद्रावर जाणं हाच आमच्याकडे मुळात चेष्टेचा विषय होता. जालना जिल्ह्यात समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात असतो. आमचं पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. अशा मुलखातली पोर डॉल्फिनचा अभ्यास करायला गेली, तेव्हा लग्नकार्यात बायका मला गाठून विचारायच्या, “काय गं शोभा, पोरगी मासे मोजायला धाडली म्हनं?”

“मासे न्हाईत ते. मासे अंडी घालतात. हे पिल्लाला दूध पाजतात.”

“पाण्यात दूध? मंग त्यात पाणी कोन घालतं?” आणि सगळ्याजणी खो खो हसायच्या. मीही हसायचे.

रेणूचं काम मला मात्र पहिल्यापासून आवडलं होतं. कोळ्यांच्या होडीतून ती खाडीच्या तोंडाशी जायची, पाण्यात माइक सोडायची आणि कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बसायची. डॉल्फिन शिट्ट्या घालतात. त्यांच्या काही जातींमध्ये प्रत्येक पिल्लू जन्मल्यावर काही महिन्यांत स्वतःची अशी एक शीळ बसवतं आणि पुढे जन्मभर तीच वापरतं. दुसऱ्या कोणाला त्याला बोलवायचं असेल तर तो त्याचीच शीळ काढतो. पिल्लू जन्मायच्या सुमाराला आई आपली शीळ पुन्हा पुन्हा घालत राहते, म्हणजे पोराच्या कानात ती बसावी. पाणी गढूळ, हातभर पलीकडचं दिसत नाही, तिथे डोळ्यांचा काय भरवसा? चुकामूक झाली की मायलेकरं आपापली शीळ घालत एकमेकांना शोधतात. हे सगळं रेणूने पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात बसून सांगितलं, आवाजांची चित्रं लॅपटॉपवर दाखवली. काळ्या पडद्यावर वर जाणारी, वळणारी, पुन्हा खाली येणारी एकेक रेघ म्हणजे एकेक शीळ.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, खाटेवर मांडी घालून ऐकत होता. सगळं झाल्यावर तो म्हणाला, “बराबर हाये. पण यात नवं काय? ह्याच्यासाठी येवढ्या दूर कशाला गेलीस? माझ्या वाघरीपाशी बसली असतीस तरी हेच कळलं असतं.”

वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायचं जाळं. आमचं मूळ घराणं मेंढपाळांचं. आजोबांपर्यंत सगळे कळप घेऊन हिंडणारे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आष्टीजवळ जमीन घेतली आणि पाय एका जागी टेकले. शेती आली, शाळा आली, मी बीएस्सी झाले. दादाने मात्र सवय म्हणून तीस-चाळीस मेंढ्या ठेवल्याच आहेत. ज्वारी निघाली की लोक अजूनही लेंडीखतासाठी त्याला आपल्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतात. दिवसभर मेंढ्या चरायला जातात आणि कोकरं वाघरीत मागे राहतात. दिवस कलला की लांबूनच कळप ओरडत येतो, इकडून कोकरं ओरडतात, आणि वाघर उचलली की असा काही गोंधळ उडतो की नवख्याला वाटावं, आता ही कोणाची कोण रात्रीपर्यंत सापडायची नाहीत. पाच-दहा मिनिटांत सगळं गप्प. प्रत्येक कोकरू आपापल्या आईखाली गुडघे टेकून, शेपटी लुटुलुटु हलवत पीत असतं.

फाल्गुनात कातरणी असायची. माझ्या दहावीच्या परीक्षेच्या वेळचीच एक आठवते. मी निंबाखाली पुस्तक घेऊन बसले होते आणि अण्णा शेजारीच मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होते. कातरीचा कचकच आवाज, तेलकट उबट वास. लोकर एका अंगाने सोलल्यासारखी निघून आली, अण्णांनी मेंढीचे पाय सोडले, आणि उभी राहिली ती कोणी वेगळीच. लांब मान, बारीक पोट, उघडी कातडी. तिचं कोकरू धावत आलं, दोन हातांवर थबकलं आणि चक्क मागे सरकलं. मला इतकं वाईट वाटलं, की मी पुस्तक टाकून त्याला उचलून तिच्यापाशी न्यायला निघाले.

“राहू दे,” अण्णा म्हणाले. “जल्दी करू नको. तिला बोलू दे.”

मेंढी ओरडली. कोकराचे कान हलले. ती पुन्हा ओरडली, आणि ते वाकडंतिकडं धावत जाऊन तिच्या पोटाला भिडलं. मी परत पुस्तकापाशी येऊन बसले. त्या दिवशी वाचलेला धडा कुठला होता ते काही आठवत नाही.

एवढं डोळ्यांनी पाहिलेली बाई मी, आणि तरी मी पुढे जे केलं ते ऐकून कोणीही कपाळावर हात मारील.

डिसेंबरात गाठ लागली. जानेवारीत संभाजीनगरला शस्त्रक्रिया झाली आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. दुसऱ्या वेळेनंतर सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसला. मी वाट बघत बसले नाही. वहिनीला, दादाच्या बायकोला, बोलावलं आणि म्हटलं, “घाल मशीन.” तिने डोळे पुसत पुसत घातलं. आरशात पाहिलं तर कान केवढे मोठे! आमच्याकडे असे कान अण्णांचे होते.

भीती वाटत होती का? वाटत होती. पण मरणाच्या भीतीपेक्षा एक दुसरी भीती मला जास्त जवळची होती. माझं स्वतःचं एमएस्सी अर्धवट आहे. शेवटच्या वर्षी आई आजारी पडली म्हणून मी आठ दिवसांसाठी गावाकडे आले, ती परत गेलेच नाही. कोणी राहा म्हणालं नव्हतं, मीच राहिले. आई दिवाळीपर्यंत ठणठणीत झाली, पुढे कितीतरी वर्षं जगली, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी, कधी भाकरी थापताना, कधी माझ्या केसांना तेल लावताना म्हणत राहिली, “माझ्यापायी तुझं वर्स गेलं गं.” मी तिला कधी दोष दिला नव्हता. पण ते वाक्य ऐकून ऐकून मला नको झालं होतं, आणि ते मला माझ्या तोंडून रेणूला ऐकवायचं नव्हतं. तिला कळलं असतं तर ती त्याच दिवशी बॅग भरून निघाली असती. माझीच पोर ती.

म्हणून मग खोटेपणाला सुरुवात झाली. जानेवारीतले दवाखान्याचे दिवस मी शाळेच्या सहलीवर ढकलले. व्हिडिओ कॉल बंद केला. “मंठ्यात नेटच नाही गं आजकाल,” हे कारण. “मोबाइलचा कॅमेरा फुटला,” हे पुढचं. आमचे हे जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत कामाला, रोज जाऊन-येऊन. त्यांना खोटं बोलणं बिलकुल जमत नाही. रेणूचा फोन वाजला की ते चप्पल घालून अंगणात जाऊन उभे राहायचे. फोन घेण्याआधी मी कोमट पाणी प्यायचे, कारण औषधाने तोंड आलेलं असायचं. पलंगावरून उठून खुर्चीत ताठ बसायचे. मग हसत ‘हॅलो’ म्हणायचे. इतकं हसत, की मलाच आपण रेडिओवरच्या बाईसारखं बोलतोय असं वाटायचं. दादाला आणि वहिनीला मी शपथ घातली होती. फोन ठेवला की घाम सुटायचा, आणि आजचा दिवस निभावला म्हणून बरंही वाटायचं.

त्या फोनवर रेणूने मला किती काय सांगितलं! एकदा ती हॉस्टेलवरच्या मुलींवर चिडली होती. ‘जेवण करून राह्यले’ म्हणाली म्हणून त्या हसल्या. चिडून चिडून शेवटी म्हणाली, “आई, देवमाशांच्यात पण घराण्याघराण्याची बोली वेगळी असते. एका समुद्रात राहतात, तरी आपापल्या आईकडून शिकलेलंच बोलतात. तिथं कोनी कोनाला हसत न्हाई.” एक जात अशी आहे म्हणे, जिच्यातले मुलगेसुद्धा जन्मभर आईबरोबर राहतात. हे ऐकल्यावर शेजारच्या खाटेवरून वहिनी म्हणाली, “मंग सुनांचं काय हाल!” मी पटकन फोनवर हात ठेवला; वहिनी आमच्याकडे येऊन राहिलीय हे रेणूला कळता कामा नये.

आणखी एकदा तिने त्या मोठ्या डोक्याच्या देवमाशांचं सांगितलं. आई अन्नासाठी खोल जाते, पार अंधारात, तासभरही वर येत नाही. पिल्लाला तेवढं खोल जाता येत नाही. मग कळपातल्या दुसऱ्या माद्या, मावश्या, आज्या, पाळीपाळीने वर थांबून त्याला सांभाळतात. आपसांत टकटक टकटक करत बोलत राहतात. “म्हणजे आपल्याकडं वाघरीपाशी एक म्हातारी मागं ठेवतात, तसंच की गं,” मी म्हटलं. “तसंच,” रेणू म्हणाली. मग तिने विचारलं, “आई, तुझ्याजवळ असतं ना कोनी? घरात?”

“मला काय धाड भरली? आणि असतात की सगळे.”

आणि ते खरंच होतं. वहिनी आष्टीहून येऊन राहिली होती. शाळेतल्या दोघी शिक्षिका माझे तास आपसांत वाटून घेत होत्या. शेजारीण सकाळी पातळ खिचडी ठेवून जायची आणि काही विचारायची नाही. आजारी डॉल्फिनला बाकीचे खालून आधार देऊन पाण्याच्या वर धरतात, त्याला श्वास घेता यावा म्हणून; हेही रेणूनेच कधीतरी सांगितलं होतं. मला वर धरणाऱ्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन आल्या होत्या.

पेपर सुरू झाले. पेपरच्या दिवशी ती सकाळी फोन करायची आणि मी म्हणायचे, “शांत डोक्याने लिही.” एक गोष्ट तेव्हा लक्षात यायला हवी होती. रेणूने मला ‘तू कशी आहेस’ हे विचारणंच सोडून दिलं होतं. ती नुसतं बोलत राहायची. आज किती डॉल्फिन दिसले, खाडीत भरती कधी आली, मेसमध्ये काय होतं. मला बोलायला लावायची नाही. मी हुंकार भरायचे आणि मनात म्हणायचे, चला, पोरीला काही कळलेलं नाही.

चैत्र लागला. तिचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोक्याला सुती रुमाल गुंडाळून अंगणात गहू निवडत बसले होते. तिला कसं सांगायचं याची मनाशी वाक्यं जुळवत होते. दारात दादाची मोटारसायकल थांबली. मागे बॅग छातीशी धरून रेणू बसलेली. परतूर स्टेशनवर दादाच तिला घ्यायला गेला होता.

मी उठले. रुमाल नीट करायला हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला. ती थबकली नाही, दचकली नाही. बॅग खाली टाकून सरळ आली आणि मला धरलं. मीच रडले, तिने पाठ थोपटली.

“कोणी सांगितलं तुला?” मी दादाकडे डोळे वटारून विचारलं.

“मामावर नको ओरडू. मीच विचारलं त्यांना. मला तिसऱ्याच फोनला कळलं होतं.”

“कसं?”

“आई, मी दिवसभर काय काम करते? आवाज ऐकते. तू आधी एका दमात बोलायचीस, मधी श्वास घ्यायची न्हाईस. एकदम ‘बरं’ म्हणायच्या आधी श्वास घ्यायला लागलीस. आणि तू फोनवर कधी हसत ‘हॅलो’ म्हणली होतीस? तू ‘हां, बोल’ म्हणतेस. तोंड लपवलंस, पण आवाज तर रोज देत होतीस की.”

दादा मोटारसायकलवर बसूनच म्हणाला, “शोभे, माझे काय हाल झाले ते विचार. तू म्हनली पोरीला सांगू नको. ती रोज मला फोन करून राह्यली, आन म्हनली आईला सांगू नको. दोघींच्या शपथा. मंग मी कोनाशी बोलू? मेंढ्याशी बोललो.” आणि मग जरा गंभीर होऊन, “मेंढरामागं जल्मलेली तू. तुला येवढं कळू न्हाई?”

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. इतके दिवस मी खुर्चीत ताठ बसून नाटक करत होते आणि प्रेक्षकाला नाटक पाठ होतं! पण राग पुरता येईना, कारण छातीवरचा दगड कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं होतं. मी विचारलं, “मग आली का नाहीस?”

“यायला निघाले होते. बॅग भरली होती. मामांना फोन केला तर ते म्हणले, तू आलीस तर तुझी आई दुखण्यानं न्हाई, त्यानं मरंल. मंग मी बॅग सोडली आणि अभ्यासाला बसले. तुला पेपर हवे होते ना? दिले सगळे. चांगले गेले.” एवढं म्हणून मात्र ती रडली. एवढे दिवस धरून ठेवलेलं, मग थांबेचना. वहिनी पाणी घेऊन आली आणि दोघींना ‘पुरे आता’ म्हणत स्वतःच डोळ्याला पदर लावून बसली.

त्या दुपारी मी कितीतरी महिन्यांनी दमल्यासारखी बोलले, म्हणजे जशी होते तशी. मध्ये थांबत, श्वास घेत, कुरकुर करत. तोंड किती दुखतं ते सांगितलं. भीती वाटते तेही सांगितलं. रेणू माझ्या पायाशी बसून ऐकत होती.

अजूनही कधी विचार करते, तर वाटतं की मी तिला जे शब्द सांगितले ते सगळे खोटे होते आणि तरी फोन काही खोटे नव्हते. ती शीळ म्हणजे तरी काय असते? रेणूला मी एकदा विचारलं होतं, शीळ घालून डॉल्फिन नेमकं काय सांगतो? ती म्हणाली, बहुतेक वेळा फक्त ‘मी इथे आहे’ एवढंच. मी रोज सहलीच्या, कॅमेऱ्याच्या थापा मारत होते, आणि माझी पोर त्यातलं फक्त तेवढंच ऐकत होती. आई आहे. दमलीय, पण आहे. त्या आधारावर तिने एकेक पेपर लिहिला. आणि ती भरती-ओहोटीच्या गप्पा मारत होती तेव्हा मला बोलायचे कष्ट पडू नयेत म्हणून बोलत होती, हे मला फार उशिरा कळलं. कोण कोणाला सांभाळत होतं, देव जाणे.

तिचं वर्ष गेलं नाही. ती चांगल्या गुणांनी पास झाली, पण तो निकाल नंतरचा. त्याआधी एक दुसरा निकाल लागायचा होता. मे महिन्याच्या शेवटी औषधं संपली आणि पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी रेणू बरोबर येते म्हणून हटून बसली होती, पण आदल्याच दिवशी वहिनी तापाने आडवी झाली. जिने चार महिने माझं केलं, तिला एकटं सोडून कसं निघायचं? रेणू घरी राहिली. मी, हे आणि दादा संभाजीनगरला गेलो. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिले, चष्मा काढला आणि जे सांगितलं ते आम्ही तिघांनी दोन-दोनदा विचारून घेतलं. दादा तर डॉक्टरांनाच म्हणाला, “नक्की ना साहेब? बराबर बघितलं ना?”

बाहेरच्या ओट्यावर येऊन मी फोन लावला. जुळवलेलं वाक्य होतं माझ्याजवळ. ‘रेणू, रिपोर्ट चांगला आला, आता कुठेच काही नाही, डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी फक्त दाखवायला या,’ असं सगळं नीट सांगणार होते, शिक्षिकेसारखं, मुद्देसूद. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“रेणू...” मी म्हटलं.

पलीकडून एक मोठा, लांब श्वास ऐकू आला.

“कळलं,” ती म्हणाली. “ये आता घरी.”